कात्रपला ज्योत आली

कात्रप, बदलापूर (पूर्व)
दि. ७ ऑक्टोबर १९९१

ती. दादास,

कुमुदिनीचा नमस्कार. आम्ही सर्व खुशाल आहोत असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. संगमनेरला तुझा खोकला कसा आहे? तुला ठाणे जिल्ह्याबाहेर काढलं तेव्हा हवापालटाने प्रकृती सुधारेल, असं मीच म्हणाले होते. तडीपारीत तेवढा तरी फायदा असावा.

इथली मोठी बातमी म्हणजे काल क्रीडाज्योत आली. जिल्ह्याचा महोत्सव यंदा बदलापुरात आहे, त्याची. विठ्ठलवाडीला हार पडले, उल्हासनगरात सिंधी व्यापाऱ्यांनी सरबत पाजलं, आणि अंबरनाथच्या फाटकाशी मालगाडी आडवी आली म्हणून ज्योत तिष्ठत उभी. मालगाडीला खेळाचं प्रेम नाही. पुढे टेम्पो, टेम्पोवर कर्णा, कर्ण्यातून देशभक्ती. मागून एक पुढारी नवे बूट घालून धावत होते. फोटो निघाला तशी त्यांना धाप लागली आणि ते जीपमध्ये बसले.

खर्च सगळा तुमच्या कंपनीचा. होय, तीच. कामगारांना गेटबाहेर ठेवून कुलूप लावलंय, पण खेळाडूंसाठी हात सैल. प्रत्येक धावणाऱ्याला पांढरी बनियन, छातीवर कंपनीचं नाव आणि पाठीवर 'एकता'. छाती मालकाची, पाठ आपली. वाटणी नेहमीचीच.

आमच्या नाक्यावर ज्योत थांबणार, नव्या माणसाच्या हाती जाणार आणि तेव्हा सुवासिनींनी त्याला ओवाळायचं, असं महिला मंडळाने ठरवलेलं. कंपनीचं नाव ऐकून मी अंग काढून घेणार होते. पण शेजारची बनूबाई म्हणाली, ज्योतीचा काय दोष? तिचा सोमा अजून रोज गेटसमोर धरण्याच्या मांडवात सतरंजी धरून बसतो. त्याचीच बायको असं म्हणाल्यावर मी कोण? दोघी तबकं घेऊन उभ्या राहिलो. तिने तर ठेवणीतलं लुगडं काढलं होतं.

इथवर लिहून मी उठले, भात उतरवला, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. आता लिहायलाच हवं.

कर्ण्यावर नाव पुकारलं, 'यापुढे ज्योत घेत आहेत कंपनीचे जबाबदार कामगार, श्री. महिपती गायकर.' नवऱ्याचं नाव मी कधी घेत नाही. ते काल सगळ्या कात्रपला ऐकू गेलं. सकाळी हे जांभूळ गावी बारशाला जातो म्हणून घरातून निघाले होते. टेम्पोमागून बाहेर आले ते बनियन घालून. पोट जरा जास्तच दिसत होतं. हे सुचतं कसं म्हणशील, पण तेव्हा मला तेच दिसलं.

बनूबाईने तिचं तबक पानवाल्याच्या पायरीवर ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमीच ओवाला, वयनी. तुमचाच मान हाय."

हे ज्योत घेऊन माझ्यापुढे येऊन थांबले. तेलाचा धूर डोळ्यांत जात होता, म्हणून दोघांच्याही डोळ्यांना निमित्त होतं. हळूच म्हणाले, "ओवाळ. लोक बघतायत."

मी ओवाळलं, दादा. कुंकू लावलं, ते घामात नाकापर्यंत ओघळलं. हाताला सवय असते, तो डोक्याला विचारत नाही. टाळ्या वाजल्या, हे धावत गेले. सोमा गर्दीतच होता. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तुमच्या मांडवातली माणसं शिव्या चांगल्या देतात असं मी ऐकून होते. काल एक जरी दिली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी यांनी सांगितलं, गुरुवारपासून कामावर घेतायत. मी म्हटलं, धावल्याबद्दल? जेवले नाहीत. मग पाणी पिऊन म्हणाले, धावणं नंतरचं. आधी पोलिसांत लिहून द्यावं लागलं, की मॅनेजरच्या गाडीवर दगड पडले तेव्हा तू गेटवर उभा राहून 'मारा' म्हणालास, आणि यांनी ते कानांनी ऐकलं. तडीपारीला पडद्यामागचा साक्षीदार चालतो, खटल्याला उघड लागतो. तो त्यांना मिळाला. तुझ्या बहिणीच्या घरात.

मी ओरडले नाही. विचारलं, तुम्हाला ठाऊक आहे ना दादा तेव्हा कुठे होता? तर म्हणतात, "दादा तसाही बाहेरच आहे गं. मला आत जाऊ दे."

दादा, ते मुळात वाईट नाहीत हे मी तुला का सांगू? मांडवात तुझ्या शेजारी बसणारे तेच होते. पण तू गेल्यापासून घरी बसून ते घड्याळाला किल्ली द्यायचे, दिवसातून दोनदोनदा. भोंग्याच्या वेळी डबा न घेताच स्टेशनपर्यंत जाऊन परत यायचे. मला त्यांची दया येते. आणि दया आली म्हणून खोटं खरं होत नाही.

दगड पडले त्या सकाळी तू तापाने फणफणलेला, आमच्या खाटेवर होतास. मी तुझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत होते. यांनी तुला चहा पाजला आणि मग गेटवर गेले. तडीपारीची नोटीस आली तेव्हा तू म्हणाला होतास, बाईमाणसाला कोर्टात ओढायचं नाही. मी ऐकलं, कारण तुझ्यापुढे बोलायची मला सवय नाही. पण आता घरातला पुरुष कोर्टात उभा राहून खोटं बोलणार असेल, तर बाईमाणसाने घरात बसून काय राखायचं?

हे पत्र मी लपवून लिहीत नाही. हे समोर मोरीत बसून ती बनियन धुतायत. मी हात लावणार नाही म्हटलं, तर स्वतः बसले. काय लिहितेस म्हणून विचारलं. दादाला, म्हटलं. साबण चोळायचे थांबले, मग पुन्हा लागले. अडवलं मात्र नाही.

तुझ्या वकिलांना माझं नाव दे. तारीख कळव. मी येईन आणि यांच्या समोर उभी राहून सांगेन. त्यानंतर या घरात मला कोण जेवायला वाढेल, ते बघू. स्वयंपाक तरी मलाच येतो.

औषध वेळेवर घे.

तुझी बहीण, आणि अजून यांची बायको,
कुमुदिनी