मडमेची ठेव

१४ नोव्हेंबर १९७६, रविवार

अकरा रुपयांचा भोपळा! बाजारात रुपयाला मिळतो.

आज देवळात हंगामाची उपासना होती. ज्याच्या त्याच्या शेतातलं, परसातलं वेदीपुढे आणून ठेवायचं आणि उपासना संपली की त्याचा लिलाव. पैसे देवळाला. लिलाव नेहमीप्रमाणे पीटर मास्तरांनी पुकारला. कोंबड्या गेल्या, बाजरी गेली, शेंगा गेल्या. भोपळा कुणी घेईना. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी वर धरला, सगळ्या बाकांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून थांबवली. मग अख्खं देऊळच वळून बघायला लागलं. 'नर्सबाई आहेत की आपल्या. त्यांच्या तोंडी दोन रुपये शोभत नाहीत.' मी दोन म्हटलंच नव्हतं. मी तोंडच उघडलं नव्हतं. तरी बोली अकरावर गेली आणि भोपळा माझ्या मांडीवर आला. लोकांना बरं वाटलं. पाळकसाहेबांनी मान डोलावली.

ऑक्टोबरचा पगार अजून झालेला नाही, हे त्या देवळात दोघींनाच माहीत — मला आणि कृपाला. कृपा माझ्या धाकट्या बहिणीची, दयाची मुलगी. दया दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते, पण ही पोर तीन वर्षांची असल्यापासून इथं शिरूरला माझ्यापाशी. आता नववीत आहे. भोपळा तिनंच डोक्यावरून घरी आणला. वाटेत म्हणते, 'मावशी, एवढ्या पैशांत वेलासकट आला असता.'

१७ नोव्हेंबर

भोपळ्याची भाजी. मग घाऱ्या. आज परत भाजी. कृपा म्हणाली, श्रीमंताघरचं जेवण आहे, नावं ठेवू नयेत. हसता हसता ठसका लागला मला.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरसाहेबांनी पुन्हा तेच सांगितलं. नसबंदीच्या ऑपरेशनच्या दोन केसेस आणा, मग पगाराचं बघू. यंदा सगळीकडं हेच चाललंय, मास्तर लोकांनाही सोडलेलं नाही. अठरा वर्षं बायकांची बाळंतपणं केली मी. त्याच बायकांना आता दंडाला धरून टेबलावर नेऊ? नाही जमायचं. डॉक्टर म्हणाले, 'तुम्हाला परवडतं हो बाई, तत्त्वबित्त्व.'

दवाखान्यातल्या आयाबाई, सोजरबाई, त्यांनी आपला दीर आणून उभा केला आणि पगार घेतला. मला वर सांगतात, 'बाई, तुमाला काय फरक पडतुया? आमचं हातावरचं पोट. तुमी बसून खाल्लं तरी सरायचं न्हाई.' त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. मनापासून बोलल्या.

संध्याकाळी धीर करून पीटर मास्तरांकडे गेले. देवळाचा गरजूंसाठी निधी असतो, दर नाताळात मीच त्यात घालत आलेय. म्हटलं, दोन महिन्यांपुरतं काही द्या, पगार झाला की परत करते. मास्तर इतके हसले की बशीतला चहा सांडला. 'गरिबांची थट्टा करता होय बाई? त्या यादीत तुमचं नाव घातलं तर लोक मला जोड्यानं मारतील.' आणि निघताना नाताळच्या वर्गणीचं पावतीपुस्तक माझ्यापुढं सरकवलं. पहिलं नाव तुमचंच पडू द्या म्हणाले.

मी पाच रुपये लिहून आले. काय बाई आहे मी!

२८ नोव्हेंबर, रविवार

आज स्वतःशी तरी खरं लिहावं.

मिशनच्या मडम पासष्ट साली कायमच्या मायदेशी गेल्या. निरोपाच्या सभेत त्यांच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, 'माझी ठेव मी प्रेमाबाईपाशी ठेवून जाते. ती सांभाळेल.' एवढंच. उपदेशात देवाची ठेव, विश्वासाची ठेव असं म्हणतात ना, तो शब्द त्यांनी उचललेला. लोकांनी ऐकला तो बँकेतला. सभा सुटेपर्यंत माझ्या नावावर किती हजार आहेत ते ठरूनसुद्धा गेलं होतं.

ठेव काय ते मडमनी मला नंतर एकटीला दाखवलं. कब्रस्तानाच्या कोपऱ्यात हातभर लांबीची कबर, उशाला इंग्रजी अक्षरांचा दगड. त्यांची दोन वर्षांची मुलगी, चाळीस वर्षांमागं तापानं गेलेली. तिला ओळखणारी माणसंही आता उरली नाहीत. 'वर्षातून एकदा चुना लावा, गवत काढा. कुणाला सांगू नका. सगळे दया दाखवतील, मला ते सोसत नाही.' मी शब्द दिला. दरवर्षी चुना लावते. कृपा बादली धरते. तिला सांगितलंय, असंच कुणाचं तरी लेकरू आहे.

मडमना शब्द दिला म्हणून गप्प राहिले — असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं. कबरीबद्दल न बोलता 'पैसे नाहीत' एवढं तर म्हणता आलं असतं? पण त्या सभेच्या आदल्या रविवारपर्यंत मी नवऱ्यानं टाकलेली नर्स होते. माझ्या शेजारी बसताना बायका पदर सावरून बसायच्या. पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर माझ्यासाठी जागा धरलेली. वाणी स्वतः उठून चांगल्या पोत्यातला तांदूळ द्यायला लागला. लग्न ठरवायचं तर 'प्रेमाबाईंना विचारा.' मला ते आवडलं. फार आवडलं. एका पैशाविना श्रीमंत झाले होते, कोण सोडेल?

आणि त्याच साली नाताळनंतर दया कृपाला घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, आक्का, तू एकटी असतीस, माझ्या जिवाला घोर लागतो, हिला तुझ्या सोबतीला ठेव. मी तेव्हा इतकी रडले होते.

५ डिसेंबर

डबे रिकामे व्हायला आले. दयाला पत्र टाकलं. चार पायली ज्वारी पाठव, पगार अडकलाय, झाला की देते. तिला शिकवलं मी, लग्न मी लावून दिलं. जन्मात पहिल्यांदा तिच्याकडं काही मागतेय.

११ डिसेंबर, शनिवार

लिहिते. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

दया आणि तिचा नवरा शलमोन सकाळच्या दौंड एस.टी.नं आले. रिकाम्या हातांनी. शलमोन रेल्वेत खलाशी आहे, फार बोलत नाही, बाहेर बाजेवर बसून राहिला. दयानं टेकायच्या आतच विचारलं,

'आक्का, ज्वारी मागतीस व्हय? आन् मडमची ठेव?'

'तशी काही ठेव नाही दया.'

'मोडलीस?'

'नव्हतीच कधी.'

ती हसली. मास्तर हसले होते तसंच. 'माझ्याफुडं तरी नको गं. क्वार्टर काय जन्माची हाय का? दौंडात जागा बघितलीया, ह्यांनी शब्द दिऊन ठेवलाय. तू ठेव काढशील म्हणून तर दिला. शेवटी कृपाचंच हाय ना सगळं?'

'कुणी सांगितलं तुला, ठेव आहे म्हणून?'

'कृपाच सांगती की. दर सुट्टीत सांगती. मावशीच्या पेटीत हाय, कुलपात हाय, मी सोता कागद बघितल्यात म्हणती.'

मी वळून पाहिलं. कृपा चुलीपाशी कपबशा घेऊन उभी होती. 'तू सांगायचीस?' तिनं मान खाली घातली. म्हणाली, 'हो.'

मी पेटी ओढून दयापुढं उघडली. आईचं लुगडं, नर्सिंगचं सर्टिफिकेट, दोन चादरी, डांबराच्या गोळ्या. दयानं चादरी झटकून बघितल्या. लुगड्याची घडीसुद्धा मोडून बघितली — आईच्या लुगड्याची. मग मी तिला कब्रस्तानात नेलं. मडमना दिलेला शब्द मोडला. ही बघ, म्हटलं, ही ठेव.

दयानं खाली बसून चुन्यावरून बोट फिरवलं. मग अगदी शांतपणे म्हणाली,

'अकरा वर्सं माझं लेकरू तुमच्यापाशी ठेवलं मी. ह्याच्यासाठी?'

'तुमच्यापाशी.' दयानं मला आयुष्यात कधी 'तुम्ही' म्हटलेलं नाही.

'तू मला सोबत म्हणून दिलीस ना गं ती?'

'सोबतीला पोटची पोर कोण देतं व्हय? घरात पाच तोंडं हुती. वाटलं, एकीचं तरी भलं व्हईल. ठेव हुती म्हणून दिली.' मग पदरानं बोट पुसलं. 'आता न्हाई ना? मग पोर नेती मी माझी.'

मला अडवता आलं असतं. भांडता आलं असतं. नववीचं वर्ष तरी पुरं होऊ दे, एवढं तरी म्हणता आलं असतं. पण डोक्यात एकच घुमत होतं — माझ्या पेटीवर पाळत. मी वेण्या घातल्या, टायफॉइडमध्ये एकवीस दिवस उशाशी बसले, माझ्या ताटातलं तिच्या ताटात सरकवलं. आणि ती सुट्टीत दौंडला जाऊन माझ्या कुलपाच्या बातम्या देत होती! बहिणीचं एक वेळ समजू शकते. पण ही?

'ने,' म्हणाले.

कृपा कपडे बांधून दारात येऊन थांबली. काहीतरी बोलायचं होतं तिला. मी कपबशा विसळायला घेतल्या आणि मागे वळून पाहिलं नाही. दोनच्या गाडीनं गेली.

१२ डिसेंबर

देवळात गेले नाही. भूगोलाची वही राहिली तिची.

२५ डिसेंबर, नाताळ

गेले. पहिल्या बाकावर जागा धरलेली होतीच. उपासनेनंतर पीटर मास्तरांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं — मडमची ठेव वगैरे काही नाही, कधी नव्हती, पेटी उघडून दाखवते. मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं आणि कानाशी येऊन म्हणाले, 'बरोबर आहे बाई. दिवस वाईट आहेत. असंच सांगत चला सगळ्यांना.'

म्हणजे आता मी आणखी श्रीमंत झाले. नाही म्हणणाऱ्याकडं जास्त असतं असा हिशेब आहे लोकांचा. अख्ख्या शिरूरमध्ये आणि दौंडमध्ये माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारं एकच माणूस निघालं, दया. आणि तिनंच पोर नेली.

घरी येऊन कालचा भात खाल्ला. करंज्या केल्या नाहीत. कुणासाठी करायच्या?

७ जानेवारी १९७७

पगार झाला. तिन्ही महिन्यांचा एकदम. वरून काहीतरी पत्र आलं म्हणे. डॉक्टरसाहेब म्हणाले, तुमचं काय अडलं होतं बाई.

१९ जानेवारी, बुधवार

सोजरबाईंची सून दौंडची. ती सांगत होती, कृपाला शाळेत घातलेलं नाही. धाकट्या भावंडांचं करते, कॉलनीतल्या दोन घरी भांडी घासते. सोजरबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. 'तुमची भाची आन् दुसऱ्याची भांडी? तुमी काय करताय मग एवढ्या पैशाचं?'

मी म्हटलं, तिची आई बघून घेईल.

असं म्हणाले खरी. दुपारभर सुया उकळताना तेच मनात होतं. चौदा वर्षांची पोर, गणितात पहिली. पण मग ते 'हो' आठवतं. किती सहज म्हणाली. एकदा तरी 'नाही' म्हणायचं होतं गं, खोटं का असेना.

२५ जानेवारी, मंगळवार

कृपाचं पत्र आलं. पेन्सिलीनं लिहिलंय. जसंच्या तसं उतरवून ठेवते.

'मावशी, ती कबर मडमच्या मुलीची आहे हे मला पाचवीपासून माहीत आहे. इंग्रजी वाचता यायला लागलं तेव्हा दगडावरचं आडनाव वाचलं, मडमचंच. तू दरवर्षी चुना लावतेस त्यावरून ठेव म्हणजे तीच, हे पण कळलं. आई दर सुट्टीत विचारायची, ठेव खरंच हाय का गं. नाही म्हटलं असतं तर तिनं मला परत शिरूरला पाठवलंच नसतं. म्हणून मी पेटीत आहे असं सांगायचे. चार वर्षं सांगितलं. तू खरं का सांगितलंस?'