साऱ्या वॉर्डाला एकच पिवळी

धाराशिव, ९ जानेवारी २०२५

चि. रणधीरला आशीर्वाद.

सत्यभामा नावाची तुला एक आजी हाय, आठवतंय का? न्हाय आठवलं तर तुझ्या बहिणीला विचार. शिवरंजनीच उशाशी बसून हे लिहितीय. म्या सांगीन तसंच लिही म्हणलंय, वर तुझी साखर पेरू नको.

बीपी खाली-वर करतंय म्हणून दवाखान्यात ठेवलंय. जेवण बिनमिठाचं, खळीसारखं. बाकी बरी हाय.

आमच्या वॉर्डात एक गंमत झालीय. आधी सकाळी बीपीसाठी कुणाच्या हातावर पांढरी गोळी, कुणाच्या गुलाबी, कुणाला अर्धीच. आता साऱ्यांना एकच पिवळी. जाडजूड उमाबाईला तीच, काडीसारख्या द्वारकाबाईला तीच. गावजेवणात बुंदी वाढावी तशी.

ही द्वारकाबाई लोहाऱ्याची, माझ्या शेजारच्या खाटेवरची. अर्ध्या पांढऱ्या गोळीवर चांगली हिंडत होती. पिवळी चालू झाली आन् उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. परवा संडासाला जाताना पडली, उजवा हात मोडला. डॉक्टर म्हणतात, "वय झालं की पडतातच."

म्या म्हणलं, "साहेब, तिला पहिली गोळी द्या की."

हसले. "आजी, डॉक्टर तुम्ही का मी?"

"डॉक्टर तुम्हीच, पण अंधारी तिला येतीय."

आन् पुढच्या खाटेकडं गेले.

मग मला तपासायला त्यांच्या खोलीत नेलं. भिंतीवर घड्याळ, त्यावर पिवळ्या गोळीच्या पाकिटावरचंच सूर्यफूल. मला अक्षर कळत न्हाय, सूर्यफुलाचं चित्र कळतं. तसलंच घड्याळ दिवाळीला तू भूमच्या घरी लावलंस. सिस्टर म्हणाली, "ह्या पिवळ्या गोळीवाल्या कंपनीचा पोरगा लई गोड बोलतो. डॉक्टरला थायलंड दाखवून आणलं." माझा नातू औषधाच्या कंपनीत हाय, हे म्या साऱ्या वॉर्डाला सांगणार होते. न्हाय सांगितलं. लाज वाटली.

शिवरंजनी म्हणतीय, एवढं खोडू का? न्हाय खोडायचं.

आयतवारी ये. टाय लावून ये, न्हायतर डॉक्टर वळखायचा न्हाय. तुझ्याच तोंडानं सांग त्याला, द्वारकाबाईची पहिली गोळी चालू करा म्हणून. तवर म्या बी पिवळी गिळणार न्हाय. कालपासून गालात धरतीय आन् सिस्टरची पाठ फिरली की थुंकतीय. शिवरंजनीला हे आत्ताच कळलं, रडायला लागलीय. रडू दे, पण लिही म्हणावं.

अजून तरी तुझीच,
आजी

येताना कंपनीचा काजूचा डबा आणू नको. ज्वारीची भाकर आन् बिनमिठाचं पिठलं आण, दोघींपुरतं. द्वारकाबाईला घास तूच भरवायचा.