अर्धीच दाखवलेली लढत

प्रिय डावऱ्या,

अक्षरावरून ओळखणार नाहीस, कारण माझं अक्षर तू कधी पाहिलेलंच नाहीस. तू माझे ठोसे तेवढे पाहिलेस, आणि तेही काही फार वळणदार नव्हते. मी वादळ. हे नाव आयोजकाने चिकटवलेलं; घरात आता सगळे आजोबाच म्हणतात, आणि मी जिना चढताना थांबलो की बायको वरून विचारते, वादळाला धाप लागली का म्हणून. एरवी तब्येत ठणठणीत आहे. उजव्या डोळ्याने धूसर दिसतं, पण डाव्यावर भागतं.

शीतगृहातली नोकरी संपल्यावर एका फर्निचरच्या कारखान्यावरचा रिकामा हॉल भाड्याने घेतला. तिथे संध्याकाळी पोरांना बॉक्सिंग शिकवतो. खालून लाकडाचा भुसा उडत वर येतो, त्यामुळे आमच्याकडे ठोशांपेक्षा शिंकाच जास्त. मुली बऱ्याच आहेत, आणि मुलांपेक्षा त्या जास्त ऐकतात. समोरचा थांब म्हणाला की थांबायचं, आणि थांबला म्हणून त्याला कुणी हसायचं नाही, एवढा एकच नियम केलाय. चांगलं चाललंय माझं. खोटं कशाला सांगू, इतकं बरं चालेल असं वाटलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात आपल्या आयोजकाचा मुलगा घरी आला. बाप गेल्यावर धंदा आता तोच बघतो. बोलायला गोड, बूट चकाचक. नीट टेकायच्या आधीच त्याने फोन माझ्यापुढे धरला. आपली लढत होती रे. कुणीतरी जुनं चित्रण शोधून टाकलंय आणि लाखो लोक ते बघतायत. माझी भुवई फुटते, रक्त डोळ्यात उतरतं, मी भिंतीसारखा उभा राहून मार खातो आणि लोक खुर्च्यांवर चढून 'अजून, अजून' ओरडतात. तेवढं झालं की पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, "पुढचं कुठाय?" तो म्हणाला, "पुढचं कोण बघणार, काका? पुढे काही होतच नाही."

पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण मला ते एकदा लिहून काढायचंय. पंच माझ्याकडे बघायचंच टाळत होता. मला काही दिसत नव्हतं, ठोसा कुठून येतोय कळत नव्हतं, आणि तरी पडायची लाज वाटत होती, कारण पहिल्या रांगेत बायको बसली होती. मग एकदम ठोसे थांबले. तू मला कवेत घेतलंस. लोकांना वाटलं, तू दमलास. तू माझ्या कानात म्हणालास, "दिसत नाहीये ना तुला? मग बास आता." आणि कोपऱ्यात जाऊन स्टुलावर बसलास, दातांनी ग्लोव्हजच्या नाड्या सोडायला लागलास. पुढच्या फेरीची घंटा वाजली, तरी उठला नाहीस. बाटल्या आल्या, एक खुर्ची तुझ्या खांद्याला लागली. माझा हात वर करून मला विजयी ठरवलं, तेव्हा तो हात कोण धरतंय हेसुद्धा मला दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन बसले असते तर दोन्ही डोळे गेले असते. टाके निघाल्यावर तुझ्या खोलीवर आलो, तर तू शहर सोडून गेला होतास. भित्रा म्हणून तुला पुन्हा कुणी लढत दिली नाही, हे नंतर ऐकलं.

तर या पोराला आता ती 'राहिलेली लढत' लावायचीय. दोन म्हातारे, भरलेलं सभागृह, घरोघरी थेट प्रक्षेपण. म्हणाला, "लोकांना शेवट हवाय." बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "शेवट झाला होता की. मी तिथेच होते." मग तिने त्याला सरळ विचारलं, "तुझ्या वडिलांना उतरवलं असतंस का रे या वयात?" तो हसला, म्हणाला, "आमचे वडील खेळाडू नव्हते." तिने जाऊन त्याचे बूट तेवढे बाहेरच्या दिशेने तोंड करून नीट जोडून ठेवले. मीही नाही म्हणून सांगितलं.

उठता उठता तो म्हणाला, "ते काका तर लगेच हो म्हणाले." आणि मग बाकीचंही त्याच्याकडून कळलं. वहिनी गेल्याचं, तुझं कुलूप-किल्ल्यांचं दुकान बंद पडल्याचं, पुतण्याच्या गोदामात खाट टाकून राहतोस ते. मी तुझा पत्ता मागितला. त्याला वाटलं माझं मन बदललं. त्याने झटकन लिहून दिला.

पत्र लिहायचं कारण हेच. माझ्या नकारामुळे तुझी लढत बुडाली, तेव्हा एक दिवस मला मनसोक्त शिव्या घाल. मग माझं ऐक. माझ्याकडे तीन पोरी डावऱ्या आहेत. मी पाय कसे टाकायचे ते दाखवतो आणि त्या माझ्यावरच येऊन आदळतात. मला ते जमत नाही, तुला जमेल. हॉलमागची खोली रिकामी करून रंगवलीय, बायकोने मला न विचारता पडद्याचं माप घेतलंय. पगार म्हणावा असा नाही, जेवण आमच्याबरोबर. उपकार फेडतोय असं वाटलं, तर वाटू दे, त्यावर आपण इथे भांडू. आमच्या लेकीला सगळं सांगितलंय. ती रविवारी गाडी घेऊन तुला आणायला येतेय. स्वभाव आईवर गेलाय तिचा, तेव्हा नाही म्हणायच्या भानगडीत पडू नकोस. सामान बांधून ठेव.

तुझाच, जेवायला थांबलेला,
वादळ