बुदैयाच्या वाटेवरचा दुसरा थांबा

तात्या,

काल पुन्हा सलमाबादच्या दुकानात टायर बघायला गेलो होतो. तीच कॅरव्हॅन, गाडीला जोडून ओढायची चाकांवरची खोली, जिला तुम्ही शेवटपर्यंत 'डबा' म्हणालात. बुदैयातल्या ज्या खजुरीच्या बागेत आपण ती नेऊन उभी केली, तिथे आता बंगले व्हायचे आहेत, म्हणून बागमालक हाजींच्या मुलाने फार अदबीने ती हलवायला सांगितली आहे. आम्ही केव्हाच फ्लॅटमध्ये राहायला गेलो. डब्यात आता जुनी भांडी आणि पाली राहतात. तरी भंगारात देऊ म्हटलं की तुमची सून बोलणं टाकते. दुकानदार मलबारी होता. म्हणाला, "साहब, कारवाला टायर डाल दो, बराबर बैठेगा." मी एकदम ताठ झालो आणि म्हणालो, "माप बसतं म्हणून कुणाच्याही चपला घालशील का?" मराठीत म्हणालो, आणि तुमच्या आवाजात. त्याला शब्द कळला नाही, पण त्याने टायर मुकाट्याने परत ठेवला. तुमचा वचक अजून टिकून आहे, कळवावं म्हटलं. मुलगी बरोबर होती. ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ टायर." ती ह्याच डब्यात रांगायला शिकली, म्हणून तिला क्षमा केली.

तुम्हाला ते दिवस आठवत असतील. (गेलेल्यांना आठवतं की नाही ह्यावर शास्त्रात मतभेद आहेत, मी सोयीचा पक्ष धरतो.) तेलाचे भाव चढले होते, मनामा शहरात खोली मिळणं नोकरी मिळण्याहून कठीण झालं होतं, आणि माझ्या कंपनीचं म्हणणं सरळ होतं: बायकोला ठेवायला जागा दाखवा, तर तिचा व्हिसा वाढेल, नाहीतर तिला परत पाठवा. हूऱ्याच्या वस्तीत ज्या ओळखीच्यांनी आम्हाला आडोसा दिला होता, त्यांचीच माणसं गावाहून यायला निघाली होती, म्हणजे तो आडोसाही जाणार होता. एक इंग्रज साहेब कायमचा जाताना तुमच्या गॅरेजच्या मागे आपली कॅरव्हॅन टाकून गेला होता. ती तुम्ही मागून घेतलीत, आणि हाजींकडून बागेतला कोपराही. शनिवारी सकाळी कंपनीचा माणूस जागा बघायला येणार होता. म्हणजे शुक्रवारी डबा बुदैयात उभा हवा. वाटेत टायर फुटला तर डबा रस्त्यावर आडवा आणि बायको मुंबईच्या विमानात. मधला मार्ग नव्हता.

खरं म्हणजे आपल्या दोघांतही मधला मार्ग नव्हता. माझ्या जन्माआधीपासून तुम्ही आखातात. मी वाईला मामांकडे राहून पाठशाळेत पाठांतर करणारा. तुम्ही सुट्टीवर यायचात, बिस्किटांचे डबे आणायचात, आणि मला तुमची ओळख पटेपर्यंत सुट्टी संपायची. पुढे तुमच्याच शब्दावर मी इथे कारकून झालो, तेव्हा आपण एकमेकांना फार आदराने ओळखत होतो, म्हणजे ओळखत नव्हतो. तुम्ही मला शास्त्रीबुवा म्हणायचात, मी तुम्हाला अहो-जाहो करायचो, आणि चहा संपला की दोघेही सुटल्यासारखे उठायचो.

तर गॅरेजच्या मागे, पत्र्याच्या सावलीत, तुम्ही उकिडवे बसला आहात. मी म्हणतो, "तात्या, हे जुने टायर चालतील की. नक्षी अगदी कोरी आहे." तुम्ही टायरच्या बाजूवर अंगठा दाबता. रबराला बारीक भेगा पडलेल्या दिसतात, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या. "चालून नाही झिजले हे, उभे राहून म्हातारे झालेत. आतून गेलेत. दोन्ही बदलायचे." मग मी कारचे टायर सुचवतो आणि चपलांचं ते वाक्य माझ्या वाट्याला येतं. "कारच्या टायरच्या कडा मऊ. वर घर ठेवलंस की डुलायला लागेल, मागून गाडीला ओढेल. व्हॅनचे सहा प्लायवाले आण, सहा थरांचे, कडक कडांचे." ते आणले. त्यांच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. ती मी पाठशाळेतल्या सवयीने मोठ्याने वाचली: जास्तीत जास्त भार इतका, त्याला हवा पन्नास पौंड, टायर थंड असताना. "भार तेवढा होणारच," तुम्ही म्हणालात. "सूनबाईची भांडी आहेत आत. पन्नास."

शुक्रवारी ऊन यायच्या आत तुम्ही हवा भरलीत. पण हूक पिकअपला बसेना. तो ठोकून ठाकून बसेपर्यंत मे महिन्याचं ऊन डोक्यावर आलं. पिकअप मी चालवत होतो, तुम्ही मागून गॅरेजच्या गाडीत, डोळा चाकांवर. मला आरशात एक पांढरा डबा आणि त्याच्यामागे तुमची टोपी दिसत होती. बुदैयाच्या रस्त्याला लागलो आणि तुमचा हॉर्न वाजला, लांबलचक. थांबलो, उतरलो. तुम्ही उन्हाच्या बाजूच्या टायरला गेज लावून बसला होतात. काटा पन्नासच्या बराच वर गेला होता.

"कमी करू या," मी म्हणालो. "सगळे म्हणतात, उन्हाळ्यात हवा कमीच ठेवावी. फुटला तर?"

"सगळे म्हणतात," तुम्ही म्हणालात, पण नेहमीच्या तोऱ्यात नाही. व्हॉल्व्हचं टोपण तुम्ही बोटांत नुसतं फिरवत होतात. आयुष्यभर ट्रक दुरुस्त करून रस्त्यावर पाठवलेला माणूस, आणि ह्या एका डब्याला घाबरला होता. "कमी हवेनं टायर लोळतो, लोळला की तापतो, हे मला ठाऊक आहे रे. पण इतका वर गेलेला काटा..." मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "वाच परत. काय लिहिलंय?"

मी रस्त्यावर गुडघे टेकले. रस्ता पोळत होता. पुन्हा मोठ्याने वाचलं. "थंड असताना पन्नास, तात्या. आत्ता हा थंड नाही, तापून काटा चढलाय. आकडा सकाळचा आहे. आत्ता सोडली तर ती कमीच पडणार."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत. टोपण घट्ट बसवलंत. "मग कुणी हात लावायचा नाही. यल्ला, चल. सावकाश." जन्मभर जे पाठ केलं त्यातलं काही तुमच्या कामी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, तुम्हाला तर मुळीच नाही.

बागेच्या अलीकडे मी पुन्हा थांबलो. ओरडून सांगितलं, मागे डुलतंय काहीतरी. तुम्ही धावत आलात, त्या वयात. दोन्ही टायरांवरून तळवा फिरवलात, हूक हलवून पाहिलात. "काही नाही रे." डब्याच्या अरुंद सावलीत बसलात, थर्मास काढलात, झाकणात मला चहा दिलात. आणि त्या सावलीत, रस्त्याकडे बघत, म्हणालात, "तुझ्या आईला इथं आणायचं फार होतं मनात. जागाच मिळाली नाही. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी. मग ती गेलीच." तुमच्या तोंडून आईबद्दल ऐकलेलं ते पहिलं लांब वाक्य. चहा गोडमिट्ट होता.

शनिवारी कंपनीच्या माणसाने डब्यात पाय आपटून जमीन तपासली, तुमच्या सुनेच्या हातचा चहा घेतला आणि "खलास, तमाम", म्हणजे झालं, सगळं ठीक, असं म्हणून सही केली. सूनबाई राहिली. तुम्ही मात्र नात व्हायच्या आधीच गावी गेलात, ते गेलातच.

उद्या सहा प्लायवाले टायर चढतील. पन्नास पौंड, ऊन यायच्या आत. हे पत्र टपालात टाकता येणार नाही, हे तुमच्या शास्त्रीबुवालाही कळतं. घडी करून ठेवीन डब्यातच, भांड्यांपाशी. एवढंच सांगायचं राहिलं होतं, तात्या. बागेच्या अलीकडे मी थांबलो तेव्हा काहीही डुलत नव्हतं. तुम्ही मागच्या गाडीत होतात, आणि बोलायचं तर थांबावं लागत होतं.