दुसऱ्या मागाखालचा भुगा

सोलापूर, १२ जानेवारी २०२५

चि. ज्ञानदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगशाळेचं कौतुक करावं तेवढं थोडं. स्तनाच्या गाठीचे कण रक्तात तरंगतात आणि ते नळीत धरता येतात, हे मला ओंजळीत चांदणं धरण्यासारखं वाटतं. तुझ्या लीलामामीच्या स्तनातली गाठ काढून पाच वर्षं झाली; आता तिचं रक्त तपासलं. एकही कण नाही. मग मेंदूत गाठी कुठून असणार? फोटोत नुसत्या सावल्या दिसल्या असतील. मी गल्लीभर पेढे वाटले, आणि २१ तारखेची डॉक्टरांची वेळ रद्द करणार आहे. मामी म्हणते, आधी भाचीला विचारा, मग मास्तरकी करा.

एक मात्र आहे. रोज सकाळी मी कवितेची पहिली ओळ म्हणायची आणि तिनं दुसरी, हा आमचा चाळीस वर्षांचा परिपाठ. हल्ली दुसरी ओळ येत नाही.

माया आहेच; पत्रानं ती ताजी ठेव.
तुझा कमलाकरमामा

पुणे, १५ जानेवारी

ती. मामांना शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू जातं, म्हणून लिहिते. पेढे वाटले ते वाटले, वेळ रद्द करू नका. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये कडक पडदा असतो. मेंदूतल्या गाठीचे कण रक्तात फारसे उतरत नाहीत. ते मेंदू आणि मणक्याभोवतीच्या पाण्यात शोधतात. त्यासाठी कमरेत सुई घालावी लागते. मामीला ती चालेल का, ते डॉक्टर ठरवतील. तिथंही सापडेलच असं नाही. पण पाच वर्षांपूर्वी काढलेल्या गाठीपेक्षा या गाठींचा स्वभाव वेगळा असेल, तर औषधही बदलावं लागेल. दुसरी ओळ हरवते, हेही त्यांना सांगा.

मला पेढे मिळाले नाहीत, हा राग वेगळा. तो धरूनही तुमचीच,
ज्ञानदा

सोलापूर, २० एप्रिल

चि. ज्ञानदास आशीर्वाद.

तुझं जानेवारीतलं पत्र दोनदा वाचूनही उमगेना. शेजारच्या चन्नप्पाचे एमआयडीसीत चादरींचे माग आहेत. त्यानं उलगडा केला. मागाखाली पडलेल्या भुग्यावरून कुठल्या रंगाचा धागा झिजतोय, ते तो ओळखतो. म्हणाला, मास्तर, तुमी दुसऱ्याच मागाखाली वाकून बघितलं की.

सुईच्या दिवशी घाम मला फुटला. मामी गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर शांत पडली आणि नर्सला म्हणाली, यांना बाहेर बसवा. पाण्यातल्या कणांवर सापडलेली खूण जुन्या गाठीत नव्हतीच. डॉक्टरांनी औषध बदललं, त्याला दोन महिने झाले.

काल सकाळी मी पहिली ओळ म्हटली. माझा चहा झाला, पेपर झाला. बऱ्याच वेळानं शेंगा सोलता सोलता तिनं दुसरी ओळ म्हटली, आणि माझी पहिली चुकली होती, हेही सांगितलं.

मी पेढे आणायला उठलो, तर तिनं पिशवीच काढून घेतली. आधी भाचीला विचारा म्हणाली.

विचारतो आहे, बाळ.

तुझ्या उत्तराकडे आणि मायेकडे डोळे लावून,
कमलाकरमामा