बाबांच्या पिकअपचं स्टेअरिंग-कुलूप आणि तुझा भंगारवाला

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा ग्रीसने माखलेल्या हातांनी नमस्कार. (कागदावरचे काळे ठसे माझेच, वहिनीने पोस्टमनला दोष देऊ नये.) तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? इकडे आई बरी, मी ठणठणीत आणि बाबांची पिकअपही ठणठणीत. हे वाचून धक्का बसेल, म्हणून आधी गुडघ्याची चौकशी केली.

स्टेअरिंगचं कुलूप मोडलं म्हणजे गाडी संपली, रविवारी भंगारवाला पाठवतो, असं तू जाताना ऐकवलंस. माझ्या रोपवाटिकेतल्या कुंड्या काय मी डोक्यावरून पोचवायच्या? शिवाय बाबांच्या मागे त्यांचं म्हणावं असं तेवढंच उरलंय. म्हणून गुरुवारी कंबर कसली. बॅटरीची वायर काढली, स्टेअरिंगखालचं कव्हर उतरवलं. पाहते तर कुलपाच्या दोन्ही बोल्टांना डोकीच नाहीत. (चोराला खोलता येऊ नये म्हणून ती बसवतानाच तोडतात म्हणे. मी चोर नाही, हे बोल्टांना कोण सांगणार?) छन्नी लावून, हातोडीने टिचक्या मारत एक बोल्ट पाऊण तासात फिरवला, दुसऱ्याने अख्खी दुपार खाल्ली. कोपऱ्यावरचा मेकॅनिक दोनदा येऊन, हे बाईमाणसाचं काम नाही, असं सांगून गेला. तिसऱ्यांदा आला तो टॉर्च धरायला.

कुलूप हातात आल्यावर उलटं करून झटकलं, तर आतून पडलं स्क्रूड्रायव्हरचं मोडकं टोक. तुझ्या पिवळ्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरचं, जो हरवला म्हणून तू घर डोक्यावर घेतलं होतंस. आणि तू तर सगळ्यांना सांगितलंस, कुलूप चोराने फोडलं. (आईला अजून बोलले नाही.) मग वाकलेली खिट्टी कानशीने घासून सरळ केली, स्प्रिंग नवी घातली, तेल सोडलं, सगळं जागच्या जागी बसवलं. किल्ली काढून स्टेअरिंग जरा वळवलं आणि कुलूप लागल्याचा खट्ट आवाज आला. दादा, बाबा गाडी लावून उतरताना यायचा तोच. मला रडू फुटलं. मेकॅनिकने टॉर्च दुसरीकडे फिरवली.

रविवारी तुझा भंगारवाला दोन माणसं आणि दोरखंड घेऊन हजर झाला. चाकं भिंतीकडे वळलेली, स्टेअरिंग जागचं हलेना. तिघेही तासभर घाम गाळत होते. मी पायरीवर बसून पाहत होते, किल्ली माझ्या मुठीत. शेवटी, "ताई, कुलूप फार पक्कं बसवलंय कुणीतरी," असं म्हणून तो चहा पिऊन रिकाम्या हाताने परत गेला. त्या कुणीतरीला, खरं सांगते, आभाळ ठेंगणं झालं.

तुझी,
धाकटी

ता. क. स्क्रूड्रायव्हरचं टोक आईच्या शिवणाच्या डब्यात, अगदी तळाशी ठेवलंय. गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही, तर ते तिथेच राहील.

ता. क. आणखी एक. बाबांच्या चष्म्याची जी डबी तू आठवण म्हणून नेलीस, तिच्यात गाडीची दुसरी किल्ली आहे. ती उलट टपाली धाड. माझी किल्ली फार झिजली आहे. गुरुवारी तो खट्ट आवाज झाला, तेव्हापासून कुलूप मलाही उघडता आलेलं नाही. भंगारवाल्याला वाटलं, मी मुद्दामच उघडत नाहीये. मी त्याला तसंच वाटू दिलं.