दोन क्ष अधिक पाच

सोमवार, ४

आजची तक्रार गंभीर आहे. कन्येच्या सातवीच्या गणितात '३क्ष' असं छापलंय. तीन आणि क्ष यांच्यामध्ये काहीही नाही. मी मुद्रितशोधकाचा उद्धार केला. कन्या म्हणाली, "बाबा, तिथे गुणाकार असतो. लिहीत नाहीत." का लिहीत नाहीत? शाई महागली?

तिला बीजगणित शिकवायचं काम बायकोने माझ्या गळ्यात घातलंय. "तुम्ही संस्कृतवाले. पदं-बिदं तुम्हाला समजतीलच." टोमणा होता, हे दुपारी लक्षात आलं.

पाण्याच्या टाक्यांवरचा माझा लेख आज पेपरात आला. पाणीखात्याचा कागद अगदी रूक्ष – 'जंतुनाशक पूड दर आठवड्याला २क्ष + ५ चमचे. क्ष म्हणजे टाकीतले हजार लिटर.' असलं कोण वाचतो? मी सरळ केलं: हजार लिटरला सात चमचे. घरच्या टाकीवर ताडूनही पाहिलं. ती हजाराची. दोन आणि पाच सात. चोख.

बुधवार, ६

आईचा फोन. ती राहते त्या वृद्धाश्रमात लेख कापून टाकीच्या शिडीला चिकटवलाय. "तुझं नाव दिसेल असा लावायला सांगितला मी." दर रविवारी पंपवाला तिच्या देखरेखीखाली पूड टाकणार. एक्याऐंशीव्या वर्षी नोकरी लागली!

शुक्रवार, ८

कन्येकडून शिकलो. अधिक-उणे जिथे येतं तिथे राशी तुटते. प्रत्येक तुकडा म्हणजे पद. आमच्याकडे विभक्ती लागल्याशिवाय पद होत नाही, इथे कुणालाही मिळतं. क्षला चिकटलेला आकडा तो सहगुणक – क्ष वाढला की याचंही ओझं वाढतं. एकटा उभा असतो तो स्थिरपद. क्ष एक होवो नाहीतर हजार, हा ढिम्म. आमच्या संपादकांची आठवण झाली.

सोमवार, ११

आई म्हणाली, "कालपासून पाण्याला वास येतोय रे. डोळे चुरचुरतात. शेजारच्या खोलीतल्या मास्तरांना खोकला लागलाय. पण औषध म्हटलं की थोडं सोसायचं."

मी म्हटलं, हो.

बुधवार, १३

कन्येने ४क्ष + ३ दिलं. "सोपं रूप द्या." मी दिलं: ७क्ष. ती हसली नाही.

"बाबा, ही विजातीय पदं. एकत्र होत नाहीत."

"क्ष एक धर. सातच येतात."

"एकालाच येतात. दहा घालून बघा."

घातले. तिचे त्रेचाळीस, माझे सत्तर.

दोन वर्ण शेजारी आले की संधी करून टाकायचा – जन्मभर हाताला हेच वळण. ते पाच चमचे टाकीत पाणी आणणाऱ्या नळासाठी होते, टाकी केवढीही असो, एकदाच घालायचे. मी ते प्रत्येक हजाराला जोडून दिले.

आश्रमाची टाकी तीस हजारांची. हवेत पासष्ट चमचे. मी सांगितलेत दोनशे दहा.

कागद घेऊन उठलो. बायको म्हणाली, "जेवण झाकून ठेवू का?"

गुरुवार, १४

संपादक म्हणाले, "दुरुस्ती शनिवारी जाईल, आतल्या पानावर. नाव घालायचं तुमचं?"

मी म्हटलं, नको.

आश्रमाला फोन लावला. आईनेच उचलला. "अरे, व्यवस्थापकबाई म्हणत होत्या, मुलगा विद्वान आहे हो तुमचा. मी म्हटलं, आहेच." मास्तरांचा खोकला? "आहे. रात्रभर बसून काढतात."

मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

तिथे पेपर रोज जातो. वाचतील.

शनिवार, १६

दुरुस्ती आली. चार ओळी.

रविवार, १७

आईचा निरोप. साडेसहाला ठेवलेला, मी आठला ऐकला.

"तुमच्या पेपरात कुणा दीडशहाण्याने तुझा आकडा खोडलाय बघ. नाव द्यायची हिंमत नाही मेल्याची. बाई कचरत होत्या. मी पंपवाल्याला सांगितलं, माझ्या लेकाचंच खरं. आत्ता टाकतोय तो पूड. पहिला पेला सगळ्यांसमोर मी पिऊन दाखवणार आहे."

आश्रमाचा फोन वाजतोय. कुणी उचलत नाही. बायको खाली गाडी काढतेय.

चूक मला बुधवारीच कळली होती. आईला सांगायची लाज वाटली, एवढंच. तो पेला तिने प्यायला असेल, याची मला भीती वाटतेय.